चाकावरचे पांढरे ठिपके

९ नोव्हेंबर

चि. प्रतिपक्षास अनेक आशीर्वाद.

या पत्रातून, आणि गरज पडल्यास पुढच्या पत्रांतून, मी जे सिद्ध करणार आहे ते आधीच स्वच्छ सांगतो, म्हणजे मागाहून मी भूमिका बदलली असे तुला म्हणता येणार नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी तू तळ्यावर काढलेले तुतवार पक्ष्याचे छायाचित्र अस्पष्ट आले ते तुझा हात हलल्यामुळे. आणि म्हणून त्या नोंदीवर मी लिहिलेला 'अग्राह्य' हा शेरा योग्य होता. एवढेच साध्य आहे. याहून जास्त काही मला म्हणायचे नाही.

तुझी आई समोर बसून शेंगा सोलते आहे. वरचा परिच्छेद मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तीन वर्षांनी मुलीला पत्र लिहिताय आणि पहिल्याच दमात तिचा हात हलवताय? आधी कशी आहेस ते तरी विचारा." सूचना दाखल करून घेतली आहे. कशी आहेस? प्रश्न आईचा आहे; उत्तर मात्र मलाही हवे आहे.

फोनवर तू माझ्याशी 'आईला द्या' या दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीस. तो तुझा अधिकार आहे. पत्राला मात्र मध्येच आईला देता येत नाही, म्हणून हा मार्ग. 'प्रतिपक्ष' हे संबोधन तू नऊ वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर हट्टाने मागून घेतले होतेस. ते मी परत घेतलेले नाही, तूही टाकलेले नसावेस असे गृहीत धरतो. त्या टेबलाचे दोन नियमही तुला आठवत असतील. पहिला: समोरच्याचे म्हणणे त्याने मान डोलावेपर्यंत नीट मांडून दाखवायचे, मगच ते खोडायला घ्यायचे. दुसरा: जो हरेल त्याने आपली चूक चिठ्ठीवर लिहून, सही करून जिंकणाऱ्याला द्यायची, आणि त्याने ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. तो डबा अजून फडताळात आहे. त्यात तुझ्या सत्तावीस चिठ्ठ्या आहेत आणि माझी एकही नाही. हे पुरावा म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगतो.

आता वस्तुस्थिती, जी दोन्ही पक्षांना मान्य असावी. आठ वर्षांपूर्वी आपल्याच तळ्यावर पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याची छावणी भरली होती. तू तेव्हा विद्यार्थिनी होतीस. एका तुतवाराच्या डाव्या पायात तू स्वतः दोन रंगीत कड्या घातल्यास: पिवळी वर, निळी खाली. हा जोड त्या छावणीत दुसऱ्या कोणालाही दिलेला नव्हता. पाच वर्षे त्या पक्ष्याचा ठावठिकाणा नव्हता. मग एका सकाळी, पंपघरासमोर पाण्यात जो जुना लाकडी खुंट आहे त्याच्यावर एक तुतवार बसला असता, माझ्या दुर्बिणीतून पाहून तू म्हणालीस, हा तोच. दुर्बीण म्हणजे ती एका डोळ्याची, तिपाईवर बसवायची. मंडळाकडे तशी एकच, आणि ती माझी. तिला तू आपला कॅमेरा जोडलास आणि छायाचित्र काढलेस. छायाचित्रात पाय आहे, पण पायात काय आहे ते सांगता येत नाही. पक्षीनिरीक्षण मंडळाच्या नोंदवहीचा मी प्रमुख होतो, आजही आहे. नोंद मान्य झाली असती तर छावणीच्या प्रमुख बाई तुला कायम कामावर घेणार होत्या. नोंद मान्य झाली नाही. तू माती तपासण्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी धरून परगावी गेलीस.

त्या सकाळी काठावर झालेले बाकीचे बोलणे प्रस्तुत साध्याशी संबंधित नसल्याने येथे देत नाही.

दुर्बिणीतून काढलेले छायाचित्र तीन कारणांनी बिघडू शकते. कॅमेरा हलतो, मधली हवा थरथरते, किंवा दुर्बीण नीट लावलेली नसते. तुझ्या वेळी थंड सकाळ होती, तेव्हा हवा गेली. दुर्बीण मी स्वतः लावली होती, चाकावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर. तेही गेले. उरला हात.

तुतवार या वर्षी तीन तारखेला आला आहे आणि त्याच खुंटावर बसतो आहे. तुझा कॅमेरा पुस्तकांच्या कपाटावर तसाच होता. तुझ्या आईने त्याच्यावर धूळ कधी बसू दिली नाही. तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, चाक ठिपक्यावरच, फक्त हात वगळून मी छायाचित्र घेणार आहे. ते स्पष्ट आले की माझे म्हणणे सिद्ध झाले.

पुढच्या महिन्यात दोनतीन आठवडे मला तळ्यावर जाता येणार नाही. कारण किरकोळ आहे.

तुझा,
बाबा


२३ नोव्हेंबर

चि. प्रतिपक्षास आशीर्वाद.

अडतीस छायाचित्रे काढली. एकही स्पष्ट नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर तुझ्या छायाचित्रापेक्षाही ती वाईट आहेत. तुझ्यात निदान पाय मोजता येतात.

पद्धत सांगतो. कॅमेऱ्याला टायमर लावला. बटण दाबून मी दोन पावले मागे सरकतो आणि हात पाठीशी बांधतो. तिपाईच्या मधल्या आकड्याला तुझ्या आईच्या भाजीच्या पिशवीत शब्दकोशाचे दोन खंड घालून टांगले, म्हणजे वाऱ्याने ती हलू नये. पिशवी हवी तेव्हा सापडली नाही म्हणून त्या दिवशी घरात जे काही म्हटले गेले ते मी लिहीत नाही.

तरीही चित्र पसरटच. तेव्हा मला पंपाचा संशय आला. पंप चालू असला की पंपघरापुढच्या ओट्याची फरशी तळपायाला कळेल इतकी थरथरते. पंपवाला मला ओळखतो; तुलाही विचारत असतो. त्याला अडचण सांगितली.

"मग आठला या की सर," तो म्हणाला. "आठ ते सव्वाआठ आमचा पंप दम खातो. मीपण खातो."

"पंधरा मिनिटे पुरतील."

"त्या पाखराला पण सांगून ठेवू का? शेपूट हलवायचं थांबव म्हणून?"

हा आक्षेप ग्राह्य आहे. तुतवार उभा असला तरी त्याचे बूड अखंड वरखाली होत असते, जणू प्रत्येक वाक्यानंतर होकार भरतो आहे. पण तोही मधूनच क्षणभर थांबतो. त्या क्षणांची मी वाट पाहिली. पंप बंद, वारा नाही, पिशवी टांगलेली, पक्षी थांबलेला, हात पाठीमागे. चित्र पुन्हा तसेच.

घरी आल्यावर तुझ्या आईने छायाचित्रे पाहिली आणि मान वर न करता विचारले, "आता हात कुठे होता?"

मी म्हणालो, "प्रयोग अपुरा आहे."

"टायमरला हात असतात का हो?"

प्रयोग अपुरा आहे हे माझे मत कायम आहे. मात्र हात वगळूनही दोष उरतो, तेव्हा 'दोषाचे कारण हात' हे विधान अडचणीत आले आहे, हे मी नोंदवतो. बुडाले आहे असे मी म्हणत नाही.

तुझ्या प्रयोगशाळेतली खोली कोंदट आहे आणि खिडकी उघडत नाही असे कळले. बिजागरीत मेणबत्ती घासून पाहा.

तुझा,
बाबा


४ डिसेंबर

चि. प्रतिपक्षास आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. रविवारी फोनवर तू आईला सांगितलेस, आणि तिने तो माझ्यासमोर कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतला: "पाण्यावरची चमक बघा म्हणावं." पुढे काही नाही. युक्तिवाद आटोपशीर करण्याची ही सवय तुला कोणी लावली ते मला माहीत आहे.

चमक पाहिली. तुझे छायाचित्र मी फाइलमधून काढले, खिडकीशी नेले आणि भिंगाखाली धरले. खुंटाच्या बुडाशी पाणी उन्हात चमकते आहे, तिथे बिंदू हवेत. हात हलला असता तर प्रत्येक बिंदूचा एकाच दिशेने फराटा झाला असता. ओल्या शाईवरून बाही फिरावी तसा. फराटा एकही नाही. सगळे बिंदू नाण्यासारखे वाटोळे पसरले आहेत, आणि सगळे सारखेच.

एक तास मी त्यावर घालवला, कारण निष्कर्ष मला पसंत नव्हता. पण पसंती हे प्रमाण नव्हे. हात निर्दोष आहे. तुझा हात हलला नव्हता. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण माझ्या नोंदवहीत याच्या उलट वाक्य लिहिलेले आहे: तुझा हात हलला नव्हता.

माझे साध्य येथे पडले. तसे मी जाहीर करतो आणि नवे घेतो: छायाचित्र अस्पष्ट का आले, ते शोधायचे.

वाटोळे बिंदू म्हणजे दुर्बीण नीट लावलेली नसणे, असे पुस्तके सांगतात. येथे मात्र मी अडलो आहे. ठिपका तुला ठाऊक आहे. उत्तरपत्रिकांवर खाडाखोड झाकायची जी पांढरी शाई मिळे, तिचा थेंब मी अकरा वर्षांपूर्वी फोकसच्या चाकावर दिला. ठिपका खुणेशी आणला की खुंट अचूक दिसतो. दरवेळी चाचपडावे लागत नाही. म्हणूनच मंडळात नियम होता की दुर्बिणीत कोणीही पाहावे, पण चाकाला हात लावायचा नाही. कॅमेराही पर्वताच्या चिन्हावर, म्हणजे दूरच्या फोकसवर, कायम ठेवायचा, नाहीतर तो पुढच्या लव्हाळ्यालाच पकडून बसतो. पहिला ठिपका सहा वर्षे बरोबर चालला. नंतर चाक झिजू लागले असावे, कारण दर हिवाळ्यात मला नवा ठिपका जुन्याच्या किंचित पुढे द्यावा लागला. असे आता सहा ठिपके आहेत, एका ओळीत. शेवटच्या ठिपक्यावर मला खुंटाची सालसुद्धा दिसते. डोळ्याला बरोबर आणि कॅमेऱ्याला चूक, हे कसे शक्य आहे? दोघे एकाच भोकातून पाहतात.

आठ तारखेपासून मी काही दिवस लिहू शकणार नाही.

तुझा,
बाबा

ता.क. — बाळा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून हे माझं दोन ओळींचं शेपूट. ते सांगणार नाहीत. मंगळवारी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखं काही नाही, संध्याकाळी घरी सोडतात. वर्षभर जिन्यावरून उतरताना भिंत धरतात आणि विचारलं की म्हणतात, भिंतीला ओल आली का ते बघतोय. चहा मीच ओतते आता, कपाच्या बाहेर जातो म्हणून. तुला कळवू नको म्हणून बजावलंय. मी 'बरं' म्हटलंय. खिडकीला मेणबत्ती लावलीस का? — आई


२० डिसेंबर

चि. प्रतिपक्षास आशीर्वाद.

माझ्या पत्रात परस्पर भर घातली गेली होती, असे आता उघडकीस आले आहे. संबंधित व्यक्तीने गुन्हा कबूल केला, पण पश्चात्ताप दाखवला नाही.

अकरा तारखेला तुझा फोन आला तेव्हा डोळ्यावर पट्टी असल्याने मी चाचपडत उचलला, आणि सवयीने म्हणालो, "आईला देतो."

तू म्हणालीस, "थांबा. कुठला डोळा?"

"उजवा."

"दुर्बिणीला लावता तो?"

"तोच."

तुझ्या मागे कुठलेसे यंत्र घरघरत होते, ते मी ऐकत राहिलो. शेवटी म्हणालीस, "डोळा चोळू नका. आईला द्या." एकूण शब्द मी मोजले. तीन वर्षांतला हा उच्चांक आहे.

तुझ्या त्या दुसऱ्या प्रश्नात काय दडले होते ते मला आठवड्याने कळले, तेही फेरतपासणीला गेलो तेव्हा. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. डोळ्यात उजेड टाकत त्यांनी सहज विचारले, "काका, वाचायचा चष्मा कधी सुटला होता तुमचा?"

मी काहीशा अभिमानाने सांगितले की चार वर्षांपूर्वी. तुला आठवेल, वर्तमानपत्र हातात घेऊन मी घरभर फिरलो होतो. या वयात नजर सुधारते, असे तुम्हा दोघींना ऐकवलेही होते.

"खूश झाला असाल."

"घरात जाहीर केले होते."

"सगळेच करतात," त्या हसून म्हणाल्या. "तो मोतीबिंदू होता, काका. भिंग आतून घट्ट व्हायला लागलं की जवळचं छान दिसतं आणि लांबचं हळूहळू जातं. इतकं हळू की माणसाला पत्ता लागत नाही. लांबचं कमी दिसतंय असं नाही कधी वाटलं?"

"नाही. माझी दुर्बीण आहे, तिच्यातून मला—"

आणि मी थांबलो. वाक्य अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी थेंबांची बाटली पुढे केली आणि दिवसातून चार वेळा, असे बजावले.

घरी येताना रिक्षात तुझ्या आईने विचारले, "काय झालं? दुखतंय का?"

मी म्हणालो, "चाक झिजले नव्हते."

"कसलं चाक?"

पिशवीतून स्वतःचा रुमाल काढून तिने माझ्या हातात दिला. डोळ्याला लावायचा नाही, असेही सांगितले.

मात्र रिक्षात सुचलेली कल्पना म्हणजे सिद्धता नव्हे. वाकायची परवानगी दोन जानेवारीला आहे.

तुझा,
बाबा


६ जानेवारी

चि. प्रतिपक्षास आशीर्वाद.

छायाचित्र सोबत आहे. आधी ते पाहा आणि मग पुढे वाच. तू आधीच पाहिले असशील हे जाणतो; क्रमाचा आग्रह ही माझी खोड आहे.

पाच तारखेला आठला पाच कमी असताना मी ओट्यावर होतो. पंपवाल्याने माझा काळा चष्मा पाहून विचारले, "हिरो व्हायचं ठरवलंत का सर?" त्याच्यासाठी मी तो काढला. तळे इतके निळे असते हे मी विसरलो होतो. खरे तर विसरलो होतो हेही मला माहीत नव्हते.

पहिली परीक्षा. चाक शेवटच्या ठिपक्यावर आणले, सहाव्या, आणि नवा डोळा लावला. ज्या ठिपक्यावर दोन महिन्यांपूर्वी मला खुंटाची साल दिसत होती, त्याच ठिपक्यावर आता धुक्यातले काहीतरी तपकिरी दिसले. पक्षी आहे की गाठ, तेही सांगवेना.

दुसरी परीक्षा. मी चाकाला हात लावला. अकरा वर्षांत एखाद्या केसापुरता सोडता ते कोणी फिरवलेले नव्हते. मागे फिरवत नेले. पाचवा ठिपका गेला, चौथा गेला. चौथा म्हणजे तुझ्या त्या सकाळचा. तिसरा, दुसरा. धुके विरत गेले, खुंटाला कडा आल्या, आणि पहिल्या ठिपक्याशी येताच सगळे असे लख्ख उभे राहिले की मी मान मागे घेतली. अकरा वर्षांपूर्वीचा ठिपका, निरोगी डोळ्याने दिलेला. तोच बरोबर होता. पुढचे पाच ठिपके चाकाची झीज सांगत नव्हते. ते माझा डोळा दर वर्षी किती उतरला ते सांगत होते, आणि ते मी माझ्याच हाताने, नेमाने, दर हिवाळ्यात नोंदवून ठेवले होते.

आता उलगडा. तू तुझ्या मनात केव्हाच केला आहेस, तरी मांडतो. त्या सकाळी दुर्बीण लावलेली होती ती माझ्या डोळ्यापुरती. तरुण डोळा एवढा फरक आपला आपण सावरून घेतो, पुस्तक नाकाशी धरले तरी वाचतो तसा. म्हणून तुला कड्या दिसल्या. कॅमेऱ्याला मी पर्वताच्या चिन्हावर बांधून ठेवले होते, त्याला सावरायची मुभा नव्हती. म्हणून त्याला दिसल्या नाहीत. आणि मला? दुर्बीण तर माझ्यासाठीच लावलेली होती. पण माझ्या डोळ्यात पिवळट पडदा आला होता, त्यातून पिवळे फिके पडते आणि निळे काळपट होते. मला सबंध पाय एकाच रंगाचा दिसला. त्या सकाळी दुर्बिणीतून पाहणारे आपण तिघेच: तू, कॅमेरा आणि मी. खरे दिसले ते फक्त तुला.

तिसरी परीक्षा, कॅमेऱ्याची. ठिपक्यावरही विश्वास न ठेवता मी तो दुर्बिणीला जोडला आणि चाक फिरवले ते त्याच्या पडद्याकडे पाहून. खुंटावरचा एक खिळा पडद्यावर मोठा करून घेतला आणि त्याचे डोके टोकदार होईपर्यंत चाक केसाकेसाने हलवले. ज्याला पाहायचे आहे त्याच्यासाठी दुर्बीण लावावी, हे मला या वयात समजले. मग पिशवी, शब्दकोश, टायमर सगळे पूर्वीसारखे. एकशे बारा छायाचित्रे काढली. एकशे नऊ वेळा पक्षी होकार भरत होता. दोन वेळा त्याने पाठ फिरवली. एकदा तो थांबला.

पडद्यावर ते छायाचित्र मोठे केले तेव्हा पंपवाला माझ्या खांद्यावरून पाहत होता.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "वाळे घातलेत की त्याच्या पायात!"

"कोणत्या पायात?" मी विचारले. साक्षीदाराला सुचवायचे नसते.

"डाव्या."

"कोणता रंग वर?"

"पिवळा. खाली निळा. कोणी घातले हो? एवढ्याशा पायात हात कसा चालला असेल!"

मी म्हणालो, "माझ्या मुलीने. तिचा हात हलत नाही."

तुझा,
बाबा


१८ जानेवारी

चि. प्रतिपक्षास आशीर्वाद.

काल मंडळाची बैठक झाली. त्या सकाळी जे बारा जण ओट्यावर होते, त्यांपैकी नऊ हजर होते. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, दुर्बीण टेबलावर ठेवली आणि ठिपके मोजून दाखवले. टोपीवाले चिटणीस म्हणाले, "सर, डोळ्याचा दोष कोणाच्या हातात असतो? नवी नोंद करू, जुनी राहू दे. कशाला उकरायची?" मी मानले नाही. जुन्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली 'ग्राह्य' असे लिहून दुरुस्तीचे कारण दिले. नोंदवहीचे प्रमुखपद सोडले. चाकाचा नियम रद्द झाला आहे; आता ज्याने त्याने आपल्या डोळ्यासाठी चाक फिरवावे.

छावणीच्या प्रमुख बाईंना दोन्ही छायाचित्रे पाठवली. ती कायमची जागा त्यांनी तेव्हाच भरली. ती आता परत मिळणार नाही, आणि ती मला परत देता येत नाही. हे मी बरोबरीत आणू पाहत नाही. त्यांनी एवढे लिहिले आहे की मार्चमध्ये याच तळ्यावर छावणी आहे आणि त्यांना सराईत हात हवे आहेत. पत्र सोबत जोडले आहे. त्यावर माझे काही म्हणणे नाही, म्हणजे म्हणणे आहे, पण ते मी मांडत नाही.

आता पहिल्या पत्रात जे संबंधित नाही म्हणून गाळले ते लिहितो. मी ते गाळले कारण तेच संबंधित होते.

टोपीवाल्यांची सूचना चांगल्या मनाने केलेली होती, आणि मला सोयीचीही होती. डोळ्यात मोतीबिंदू होणे ही चूक नव्हे. ठिपका सरकवणे हीदेखील प्रामाणिक समजुतीने केलेली गोष्ट. तेव्हा सगळे खापर डोळ्यावर फोडून मला मोकळे होता आले असते. पण त्या सकाळी तुझे म्हणणे काय होते? टेबलाच्या पहिल्या नियमाप्रमाणे ते मी आज मांडतो. कुठे चुकले तर मान डोलवू नकोस.

तू म्हणालीस, "बाबा, मला कड्या स्वच्छ दिसतायत, पण कॅमेऱ्यात येत नाहीयेत. म्हणजे काहीतरी लावण्यातच गडबड आहे. तेवढं चाक एकदा फिरवून बघू या?"

हे तुझे म्हणणे होते. त्यात निरीक्षण होते, त्यावरून काढलेले अनुमान होते आणि अनुमान तपासण्याचा उपाय होता. चौतीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले. इतका नीट बांधलेला युक्तिवाद वर्गात क्वचित ऐकला. तो तपासायला अर्धे मिनिट लागले असते.

मी म्हणालो, "चाकाला हात लावायचा नाही."

तू म्हणालीस, "पण मला दिसतंय ना!"

आणि मी बारा जणांसमोर म्हणालो, "तुला दिसते म्हणून ते आहे, असे होत नाही. भावनेच्या भरात हात हलतो." लोक हसले. मग मी नोंदवहीत तुझ्या नावापुढे 'हात अस्थिर' असे लिहिले. तू कॅमेरा काढलास, त्याचे झाकण लावलेस आणि बांधावरून निघून गेलीस. मी मागे वळून पाहिले नाही. दुर्बिणीत पाहत राहिलो. काही दिसत नव्हते, तरी पाहत राहिलो.

तुतवार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. सकाळी आठ ते सव्वाआठ पंप बंद असतो. तुझी आई म्हणते की एवढे लिहून 'ये' हा एक शब्द लिहायला काय होते. सूचना दाखल करून घेतली आहे. ये.

खालचा मजकूर कापून डब्यात टाकण्यासाठी आहे. नमुना तूच नऊ वर्षांची असताना ठरवलेला, त्यात मी बदल केलेला नाही. डबा फडताळात खालच्या कप्प्यात आहे. मी टाकत नाही. चिठ्ठी जिंकणाऱ्याने टाकायची असते.

*

मी कबूल करतो की माझी एक चूक झाली.
चूक अशी: समोरच्याचे म्हणणे न मांडता मी उत्तर दिले.
समोरचे बरोबर होते.

(सही) बाबा